सही कापलेली नको

मिरज, रविवार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो काल रात्री मोठा करकरून पाहिला. बोटभर कागद आणि त्यावर ‘जोसेफ लिस्टर’. विकणारा म्हणतो, सही १९०० सालची. तिथेच मी अडलो. १८९७ मध्ये हे इंग्रज सर्जन लिस्टर लॉर्ड झाले आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे पुढे नुसतं ‘लिस्टर’ एवढीच सही करू लागले. म्हणजे साल तरी चुकलंय, नाहीतर सही तरी. भिंगाखाली बघायला सांग: छापील असेल तर बारीक ठिपके दिसतात, टाकाची असेल तर रेघेच्या दोन्ही कडांना निबाचे ओरखडे.

पण खरी निघाली तरी घेऊ नकोस. पैशांमुळे म्हणत नाही, तुझ्या पहिल्या स्टायपेंडचं काय करायचं ते तूच ठरव. पण हा कागद कुठल्यातरी पत्रातून कापलाय, आणि ते पत्र कुठे गेलं? १८६५ मध्ये ग्लासगोत अकरा वर्षांच्या पोराचा पाय मोडून वर जखम झाली होती. त्या जखमेवर जंतू मारणाऱ्या कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधून पाय वाचवणारा हा माणूस. पत्रात जखमेबद्दल काही असेल, किंवा कुणाला नुसतं जेवायला बोलावलं असेल. मला तेही चाललं असतं.

आनंदीबाई जोशींनी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलेलं पत्र तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठात अख्खं जपलेलं आहे. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या बायकांसाठी मला शिकायचंय, असं अठरा वर्षांची ती मुलगी त्यात लिहिते. कुणी खालची सही तेवढी कापून नेली असती, तर हाती नाव उरलं असतं. नाव तर आपल्याला माहीतच होतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आठवीत मला सह्या जमवायचा नाद लागला होता. आजोबांच्या ट्रंकेत मिशन हॉस्पिटलच्या एका डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सापडलं. वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल, त्यातल्या डॉक्टरांची सही म्हणजे मला केवढी वाटली! ब्लेडनं कापली, खळीनं वहीत चिकटवली आणि उरलेला कागद बंबात घातला. आजी गेल्यावर आत्यानं विचारलं, ते पत्र कुठाय रे? आजीच्या पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनची सगळी हकीकत त्यात होती. आजोबांना धीर दिलेला होता. मी काही बोललो नाही. अजून त्या पानाशी आलो की वही मिटतो.

म्हणून सांगतो, एखाद्या अनोळखी डॉक्टराचं का असेना, पण अख्खं पत्र शोध. मिळालं की लॅमिनेट करू नकोस, सेलोटेप लावू नकोस, उन्हात टांगू नकोस. आम्लरहित कागदात सपाट ठेव.

दिवाळीला येशील तेव्हा माझी वही तुला देईन. आत्याकडून ऐकलेलं जेवढं आठवलं, तेवढं त्या सहीखाली काल लिहून काढलंय. सगळं मिळून सहा ओळी झाल्या.

तुझा,
बाबा