बाबांची किल्ली आणि माझा एल बोर्ड

नाशिक

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलता येत नाही. स्पीकर लावल्याशिवाय तुझ्या बाबांना चैन पडत नाही, आणि विषय त्यांचाच आहे. म्हणून पत्र. तोक्योच्या लोकलमध्ये वाचलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

परवा तू म्हणालीस, "आई, बाबांची किल्ली काढून घे, ड्रायव्हर ठेवा, पैसे मी पाठवते." तुझी काळजी खोटी नाही. बहात्तर वय, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मान आखडलेली, आणि त्यात सिंहस्थाच्या कामांमुळे गावभर रस्ते खोदलेले. पण किल्ली काढून घेतली की काय होतं ते मी तुझ्या मोठ्या काकांच्या घरी पाहिलंय. मुलाने एका रविवारी किल्ली खिशात घातली आणि विषय संपवला. काकांची आधी मंडई सुटली, मग भजनी मंडळ, मग जुन्या ऑफिसातल्या मित्राकडे जाणं. 'मला सोडायला कोण येईल?' हे विचारायची लाज वाटते गं माणसाला. रिक्षाचे पैसे खिशात असूनही ते घरात बसले.

तेव्हा माझं म्हणणं असं की, वय बघून काही ठरवायचं नाही, चालवणं बघून ठरवायचं. आणि बघायचं तर नीट बघायचं.

तूच मला तिकडचं सांगितलं होतंस. सत्तरी उलटली की लायसनसाठी वर्गात बसायचं, शिक्षकाला शेजारी घेऊन गाडी चालवून दाखवायची. पंचाहत्तरीनंतर सोळा चित्रं दाखवतात आणि थोड्या वेळाने कोणकोणती आठवतात ते विचारतात. आपल्याकडे यातलं काही नाही. पंचावन्न उलटल्यावर लायसन पाच-पाच वर्षांनी नवं करून घ्यायचं, ऑनलाइन अर्ज भरायचा, डॉक्टरचा फॉर्म १-अ जोडायचा, बस. गाडी चालवून दाखवा असं कुणी म्हणत नाही. मागच्या वेळी ज्या डॉक्टरकडून बाबांनी तो फॉर्म आणला, त्याने मान वर न करता सही ठोकली. सरकार परीक्षा घेत नाही, तर ती घरातच घ्यायची असं मी ठरवलं.

पहिला पेपर डोळ्यांचा. अर्जासोबतच्या फॉर्म १ मध्ये एक साधा प्रश्न असतो: चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर चष्म्यासह, २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? लोक 'हो' लिहितात आणि खाली सही करतात. आम्ही ते खरंच करून पाहिलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनला हाताशी घेऊन अंतर मोजलं आणि एकेक डोळा झाकून वाचायला लावलं. उजव्या डोळ्याने, म्हणजे ऑपरेशन झालेल्या, घडाघड वाचलं. डाव्या डोळ्याने "एमएच पंधरा" जोरात म्हणाले आणि थांबले. अहो, नाशकात एमएच पंधरा मीही डोळे मिटून सांगेन, पुढचं वाचा! पुढचं आलं नाही. दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, तो पुढच्या महिन्यात काढायचा. काचबिंदूसाठी डोळ्यांचं प्रेशरही बघून घेतलं, कारण तो बाजूची नजर हळूहळू खातो आणि समोरचं स्वच्छ दिसत असल्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. ते प्रेशर ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण तिसरा हिस्सा उजेड पोचतो, आणि समोरून अप्परचा झोत आला की नजर परत जागेवर यायलाही जास्त वेळ लागतो. त्यामुळे डावा डोळा होऊन नवा नंबर लागेपर्यंत फक्त दिवसा आणि फक्त जवळपास, असं त्यांच्याच तोंडून ठरलं. मी म्हटलं असतं तर वाद झाला असता.

दुसरा पेपर रस्त्यावरचा. मी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. माझं. बाबांना म्हटलं, "मला शिकायचंय, तुम्ही फक्त सोबत चला." शिकवणारी मुलगी तुझ्याच वयाची, बोलायला फटकळ. त्यांच्या गाडीत तिच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, आधी तुम्हीच बसा, काकूंना दाखवा कसं चालवतात ते."

मग जे सुरू झालं ते तू बघायला हवं होतंस. गाडी सुरू करायच्या आधीच अर्धा तास गेला. बाबांची बसायची पद्धत तुला माहीत आहे, सीट मागे रेललेली आणि एक हात स्टिअरिंगच्या डोक्यावर. तिने सीट सरळ करवली, छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभराहून थोडं जास्त अंतर ठेवायला लावलं आणि हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर आणले. बाबा फियाटवर शिकलेले, त्यांना दहा आणि दोन माहीत. ती म्हणाली, स्टिअरिंगमधून आता एअरबॅग उघडते, हात वर असले तर ते तुमच्याच तोंडावर येतील. मग आरसे. "काका, आरशात अर्धी आपलीच गाडी दिसतेय. ती चोरीला जाणार आहे का?" बाबा ओशाळून हसले. आपल्या गाडीची बारीकशी कड तेवढी दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता. आणि तरीही जो कोपरा आरशात येत नाही तिथे मान वळवूनच बघायचं, कारण आपल्याकडे डावीकडून स्कूटरवाले घुसतात. तिथे गाडं अडलं. बाबांची हनुवटी डाव्या खांद्याच्या जवळपाससुद्धा जाईना. इतकी वर्षं ते मान न वळवता अंदाजाने डावीकडे घेत होते! आता फिजिओथेरपिस्टने दिलेले मानेचे व्यायाम रोज सकाळी चहाआधी होतात. थोडा फरक आहे.

सर्वांत मजा ब्रेकची. त्यांच्या काळी शिकवायचे की चाक घसरू नये म्हणून ब्रेक पंप करत मारायचा, दाबा-सोडा-दाबा-सोडा. आपल्या गाडीत एबीएस आहे, ते पंप करायचं काम गाडी स्वतः करते. तिने रिकाम्या रस्त्यावर चाळीसचा वेग घ्यायला लावला आणि म्हणाली, "आता जीव खाऊन दाबा आणि सोडू नका." पायाखाली पेडल थरथरलं, घर्र आवाज आला, आणि काहीतरी मोडलं असं वाटून बाबांनी लगेच पाय उचलला. गाडी पुढे गेली ती गेलीच. तिने पुन्हा करायला लावलं, पुन्हा. शेवटी पाय टिकला तेव्हा गाडी जिथे थांबली ते बघून बाबा स्वतः खाली उतरले आणि रस्ता पावलांनी मोजून आले. त्या दिवसानंतर "मला काय शिकवणार" हे वाक्य घरात ऐकू आलेलं नाही.

सर्कलचा नियमही बाबांना नव्याने कळला. २०१७ च्या नियमावलीप्रमाणे सर्कलमध्ये आधीच फिरत असलेल्या गाडीचा हक्क पहिला, बाहेरून येणाऱ्याने थांबायचं. नाशकात हे किती जण पाळतात ते विचारू नकोस. पण आपल्याला माहीत असलं की निदान समोरच्याला शिव्या द्यायच्या की स्वतः थांबायचं हे तरी कळतं.

खरी अडचण उजवीकडे वळण्याची. समोरून येणारी मोटरसायकल किती जवळ आहे हे दिसतं, पण ती किती वेगात येतेय हे वयाबरोबर नीट कळेनासं होतं. त्या मुलीने बाबांना शेजारी बसवून नुसतं विचारलं, "आता वळाल? आता?" बाबांचे दोन अंदाज असे चुकले की मीच डोळे मिटून घेतले. यावर तिचा तोडगा साधा आहे: जिथे सिग्नल आहे तिथेच उजवीकडे वळायचं. नाहीतर सरळ पुढे जाऊन डावी वळणं घेत फिरून यायचं. पाच मिनिटं जास्त लागतात. निवृत्त माणसाला पाच मिनिटांची घाई कसली?

आता माझं. तुला माहीत आहे, माझं लायसन जुनं आहे आणि मी ते कधी लॅप्स होऊ दिलं नाही. आधारकार्ड यायच्या आधी फोटोचं ओळखपत्र म्हणून तेच दाखवायचे मी, बँकेत, रेल्वेत. त्यामुळे कायद्याने मी पक्की ड्रायव्हर, आणि हाताने कच्ची. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं हेच आहे. लायसन पर्समध्ये आणि गाडी नवऱ्याच्या हातात. उद्या बाबांना रात्री छातीत दुखलं तर मी काय करणार होते, हा प्रश्न माझ्या मनात तुझ्या फोनच्याही आधीपासून होता. (तू लगेच १०८ म्हणशील. बरोबर आहे, अशा वेळी १०८ च. पण मला गाडी यायला हवी.)

मॉलच्या बेसमेंटमधून वर येताना चढावर गाडी बंद पडली. मागे रांग, सगळे हॉर्न वाजवताहेत, माझे हात घामाने ओले. ती शांतपणे म्हणाली, "वाजवू देत काकू. हॉर्नने गाडी पुढे जात नाही, क्लचने जाते. हँडब्रेक ओढा, हाफ क्लचवर पुढचा भाग जरा उचलल्यासारखा वाटला की सोडा." उचलल्यासारखा वाटला, सोडला, गेली! मागच्या सीटवर बाबा पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. मी चालवताना त्यांनी पुढे बसायचं नाही, असा नियम मी केलाय. आणि मागेही पट्टा लावायचा. ते कुरकुरले, तेव्हा त्यांना २०२२ मधली पालघरजवळची सायरस मिस्त्रींची गाडी आठवून दिली. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि तेच दोघे गेले. त्यानंतर कुरकुर नाही.

तू ऑटोमॅटिक घ्या म्हणतेस. बाबांच्या डाव्या गुडघ्याला बरं पडेल, विचार चालू आहे. पण तुमच्याच इकेबुकुरोत २०१९ मध्ये ते सत्त्याऐंशी वर्षांचे गृहस्थ ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिले आणि एक आई आणि तिची लहान मुलगी गेली, ते मी विसरलेले नाही. घेतली तर आधी त्या मुलीकडे पुन्हा बसायचं, उजवाच पाय दोन्हीकडे, टाच जमिनीला टेकलेली, आणि डावा पाय बाजूला स्वस्थ. आधी शिकणं, मग गाडी. उलट नाही.

काय काय सोडलं तेही सांगते, म्हणजे तुला रात्री झोप लागेल. रात्रीचं चालवणं बंद. मुसळधार पावसात बंद. कसारा घाट आणि समृद्धी बाबांनी स्वतः चालवायचं नाही, ड्रायव्हर घ्यायचा, एका दिवसापुरता मिळतो. सर्दीची गोळी घेतली की त्या दिवशी किल्ली मी ठेवते, कारण त्या गोळीने त्यांना पेंग येते. नवीन औषध लिहून दिलं की 'यावर गाडी चालवू का' हे विचारायचं, असं मी फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. लांबच्या गावाला एसटी आहेच. मला अर्धं तिकीट, बाबांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीनंतर त्यांना फुकट. ते त्याची वाटच बघताहेत.

तुझ्याकडून पैसे नकोत, दोन कामं हवीत. एक, बाबांच्या नावावरची ई-चलानं तू तिथून महिन्याला एकदा बघत जा. सिग्नल तोडल्याचं चलान आलं तर मला कळव, त्यांना नको. दुसरं, डिसेंबरात आलीस की त्यांच्या शेजारी बसून त्र्यंबकला जाऊन ये. मोबाईल पिशवीत ठेव. रोजचा रस्ता चुकतात का, बंपरवर नवीन ओरखडे आहेत का, मागच्या गाड्या सारख्या हॉर्न मारतात का, सिग्नल हिरवा झाल्यावर ते भांबावतात का, हे बघ. जे दिसेल ते नेमकं सांग. "बाबा, तुमचं वय झालं" असं म्हणायचं नाही. "बाबा, पपया नर्सरीच्या सिग्नलला तुम्हाला डावीकडचा रिक्षावाला दिसला नाही" असं म्हणायचं. पहिल्याने ते चिडतील, दुसऱ्याने विचार करतील. आणि खरंच बंद करायची वेळ आलीय असं तुला वाटलं तर ते मला आधी सांग, आपण दोघी बसून बोलू त्यांच्याशी. त्या वेळी मी तुझ्या बाजूने असेन.

तिकडे सत्तरी उलटलेल्यांच्या गाडीला लावतात ते चार पाकळ्यांचं रंगीत स्टिकर मात्र आणू नकोस. बाबा म्हणतात, गाडीवर चिकटवायचं नाही. मी मात्र एल बोर्ड लावते आपल्या गाडीला, लाज कसली.

आणि हो, विमान रात्रीचं असेल तर मुंबईतच मावशीकडे थांब, आम्ही कुणी घाटातून रात्री न्यायला येणार नाही. सकाळच्या वंदे भारतने निघालीस तर नाशिक रोडला मी येईन. बाबा मागे बसतील. तारीख नक्की झाली की कळव, तिकडचा तो लोणच्याचा मसाला संपला असेल तर तेही लिही.

तुझी,
आई