तेइदेच्या घाटातून

लीड्स, २८ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर, सायकलवरून घाट उतरताना बोटे गारठून ब्रेक दाबता येईना, एवढे माझ्या तोंडून निघून गेले आणि तेव्हापासून आईला झोप नाही, असे दादाने कळवले. फोनवर अर्धेच सांगितले जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आई, भर थंडीत पैसे मोजून घाट चढायला कशाला जायचे, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण इथे डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो, रस्ते ओले आणि निसरडे असतात. विमानाने साडेचार तासांवर असलेल्या टेनेरिफ बेटावर मात्र ऐन जानेवारीत समुद्रकाठी वीस अंशांचे ऊन असते. बेट स्पेनचे असले तरी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून ते जेमतेम तीनशे किलोमीटरवर आहे. मधोमध ३,७१५ मीटर उंचीचा तेइदे हा ज्वालामुखी उभा आहे. स्पेनमध्ये त्याहून उंच शिखर नाही. बेटावरचा शेवटचा उद्रेक १९०९ साली झाला, तेव्हा त्याची काळजी नसावी.

बाबा, तुम्ही फळ्यावर महाबळेश्वर आणि माण-खटाव काढून पर्जन्यछाया शिकवत होतात, तोच धडा मी तिथे सायकलवरून पाहिला. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगराला अडतात, त्यामुळे उत्तरेचा उतार ढगांत बुडालेला आणि हिरवागार, तर दक्षिण बाजू निवडुंगांची, उघडीबोडकी. मी दक्षिणेच्या लॉस क्रिस्तियानोसहून सकाळी सातला निघाले. तिथून वरच्या पठारापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरांत दोन हजार मीटरांहून अधिक चढ आहे. आपल्या यवतेश्वरच्या घाटासारखी अंगावर येणारी चढण क्वचितच लागते. एक गिअर धरून पाय फिरवत राहायचे, एवढेच. विलाफ्लोर गावानंतर देवदारासारख्या उंच पाइन वृक्षांचे रान सुरू होते. वणव्यात होरपळूनही ही झाडे पुन्हा पालवतात. काळ्याठिक्कर पडलेल्या जाड सालीतून कोवळे पोपटी झुबके फुटलेले मी हात लावून पाहिले.

पठारावर पोचल्यावर १७९८ च्या उद्रेकातला लाव्हा रस्त्याला लागूनच दिसतो. त्या वर्षी पुण्यात नाना फडणवीस हयात होते. आपला कासचा खडकही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा, आणि हा नांगरून टाकलेल्या काळ्या ढेकळांच्या रानासारखा, अजून गवतही न धरलेला. मोठ्या शर्यतींचे सायकलपटू इथल्या हॉटेलात आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात, कारण विरळ हवेत राहिल्याने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. माझ्या पेशींचे काय झाले ते ठाऊक नाही, भूक मात्र सपाटून लागली.

चूक झाली ती यापुढे. वर ऊन होते म्हणून मी पातळ जाकिटावरच उत्तरेला ला ओरोतावाच्या दिशेने उतरू लागले. थोडे खाली येताच ढगात शिरले. कपडे घामाने भिजलेले, त्यात धुके आणि वेगाचा वारा. दहा मिनिटांत बोटे लाकडासारखी झाली. मी तिथेच उतरले आणि सायकल हाताने ढकलत आग्वामान्सा नावाच्या वस्तीपर्यंत चालत आले. पडले नाही, खरचटलेही नाही. तिथल्या लहानशा खाणावळीतल्या आजींकडे मी खुणेने रद्दीचा पेपर मागितला. त्या आधी गोंधळल्या. वारा लागू नये म्हणून मी तो घडी करून शर्टाच्या आत छातीवर सरकवला तेव्हा हसल्या आणि आणखी दोन आणून दिले. बाबा, पौषातल्या पहाटे शाळेला निघताना तुम्ही हेच करत होतात, आणि आई रोज शर्टाला शाई लागली म्हणून करवादत असे. नंतर मिठाच्या पाण्यात सालासकट उकडलेले बटाटे आणि लाल मिरचीची लसणीची चटणी खाल्ली. आई, तुझ्या चटणीपुढे ती फिकीच.

आता मुद्द्याचे. पुढच्या जानेवारीत तुम्ही दोघांनी यावे. बाबांनी सायकल चालवू नये; पठारापर्यंत बस जाते. आईच्या गुडघ्यांसाठी समुद्राजवळ तळमजल्याची खोली घेईन. स्पेनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, त्यामुळे दोघांच्या पासपोर्टांची मुदत कधी संपते ते पाहून कळवावे. आणि बाबा, येताना तुमचे ते जुने लोकरीचे हातमोजे मला घेऊन या.

तुमची लेक