झाडातली बुरशी आणि शेवटच्या धुण्याचं पाणी

महोदय,

कडुलिंबाच्या पानातल्या किंवा अर्जुनाच्या सालीतल्या बुरशीपासून ‘नवं प्रतिजैविक’ मिळाल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. झाडावर रोगाची खूणही न दिसू देता त्याच्या आत राहणाऱ्या या बुरशींना एन्डोफाइट म्हणतात. विषय मोलाचा आहे, म्हणूनच तो नीट मांडला जावा असं वाटतं. जुनिपर या सूचिपर्णी झुडपाच्या पानातल्या हॉर्मोनेमा या बुरशीत एनफ्युमाफंगिन हे बुरशीरोधक द्रव्य सापडल्याचं २००० साली प्रसिद्ध झालं. त्याच्या रेणूत फेरफार करून तयार झालेल्या इब्रेक्साफंगर्प या बुरशीरोधक औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती २०२१ मध्ये. आपल्याकडच्या बातम्या मात्र जिवाणू वाढवलेल्या प्लेटमध्ये बुरशीचा अर्क लावलेल्या कागदी डिस्कभोवती स्वच्छ, म्हणजे जिवाणू न वाढलेलं, वर्तुळ दिसलं की थांबतात.

पहिली गफलत बुरशी वेगळी करतानाच होते. पान किंवा साल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली तर तिला घाम सुटतो आणि वरवरची बुरशी माजते. कागदी पिशवी वापरावी आणि एक-दोन दिवसांत काम उरकावं. नळाखाली धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) दोन-तीन मिनिटं, पुन्हा अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने तीन वेळा धुणं, असा सर्वसाधारण क्रम आहे. अल्कोहोल आधी अशासाठी, की पानाच्या मेणकट पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे अडकून बसतात आणि त्यांच्याखाली हायपोक्लोराइट पोचतच नाही. कोवळं पान जास्त वेळ ठेवलं तर आतली बुरशीही मरते. जाड सालीला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो. शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरावं. त्यावर एक जरी वसाहत उगवली, तरी ती सगळी बॅच टाकून द्यावी. नाहीतर हवेतून पानावर बसलेल्या ॲस्परजिलस या सर्वत्र आढळणाऱ्या बुरशीला झाडातली बुरशी म्हणून मिरवलं जातं.

पाच मिलिमीटरचे तुकडे बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर (बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) २५ ते २८ अंशांना ठेवतात. कापलेल्या कडेतून तंतू डोकावला की त्याचं टोक लगेच दुसऱ्या प्लेटवर न्यावं, कारण वेगाने वाढणारी बुरशी दोन दिवसांत प्लेट व्यापते. आठवड्याने प्लेट फेकू नयेत. सावकाश वाढणाऱ्या बुरशी तिसऱ्या आठवड्यातही निघतात.

इथे एक सापळा आहे. जिवाणू वाढू नयेत म्हणून या आगरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घालतात. पुढे बुरशी द्रव माध्यमात वाढवतानाही ते घातलं, तर इथाइल ॲसिटेट या द्रावकाने अर्क काढताना तेही अर्कात उतरतं. मग जे वर्तुळ दिसतं, ते बाटलीतून घातलेल्या प्रतिजैविकाचं! म्हणून बुरशी न लावलेल्या त्याच माध्यमाचा अर्क आणि नुसता डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रावक), असे दोन्ही कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने, शेजारी हवेतच.

वर्तुळाच्या मिलिमीटरवर ताकदही ठरत नाही. तेलकट रेणू आगरमध्ये पसरत नाहीत, छोटे रेणू भरभर पसरतात. जिवाणूंची वाढ रोखायला किमान किती मात्रा लागते, ते द्रव माध्यमात मोजावं लागतं. शिवाय पॅट्युलिन आणि ग्लिओटॉक्सिन ही बुरशीजन्य विषंही जिवाणू मारतात. अर्कातलं द्रव्य ओळखलेलं नाही आणि मानवी पेशींवर तपासलेलं नाही, तोवर त्याला प्रतिजैविक म्हणू नये.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती कल्चर, म्हणजे वाढवून जपलेली बुरशी, हातचं जातं तेव्हा. स्लँटवरून (नळीतल्या तिरक्या आगरवरून) स्लँटवर नेता नेता अनेक एन्डोफाइट ते द्रव्य बनवणंच कमी करतात किंवा सोडून देतात. झाडातून मिळणारा इशारा किंवा कच्चा माल तिथे नसतो. म्हणून पहिल्याच पिढीचे आगरचे तुकडे १५-२० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवावेत. ती सोय नसेल, तर निर्जंतुक पाण्याच्या कुपीत घालून फ्रिजमध्ये ठेवले तरी चालतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे कल्चर जमा केलं की त्याला क्रमांक मिळतो आणि दुसऱ्या कुणालाही तोच प्रयोग पडताळता येतो. अशी बातमी छापण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधींनी तो क्रमांक आणि वर सांगितलेल्या दोन कंट्रोलचे फोटो मागावेत, ही विनंती.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे