दुसरी स्टेपनी मिळाली

सोलापूर
मेअखेर

प्रिय दत्या,

सप्रेम नमस्कार.

दुसरी स्टेपनी मिळाली! हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. आपल्या मारुती जिम्नीचीच डिस्क, म्हणजे टायरच्या आतलं लोखंडी चाक, कंपनीची, आणि वर 195/80 आर 15 मापाचं टायर. आता हिमाचलात स्पितीला निघताना माझ्या गाडीबरोबर सहा चाकं असतील आणि सहाही एकमेकांच्या जागी चालतील.

पण एवढंच कळवायला पत्र लिहीत नाहीये. परवा फोनवर तू म्हणालास, निघायच्या आधी पाचही टायर उतरवून 215/75 मापाची चढवणार. तुला ऑफिसला निघायचं होतं, मागून वहिनी हाक मारत होत्या, म्हणून मी काही बोललो नाही. हा विषय घाईत बोलण्यासारखा नाही. त्यामुळे मला काय काय दिसलं ते आता सविस्तर लिहितो.

सोलापुरात टायरला तोटा नाही, हे तुला माहीत आहे. पुण्याहून हैदराबादला जाणारी आणि विजापूरकडून वर येणारी सगळी वाहतूक इथे एकत्र येते. त्यात उसाच्या ट्रॉल्या आणि मार्केट यार्डात येणाऱ्या कांद्याच्या गाड्या. होटगी रोडला जा नाहीतर अक्कलकोट रोडला, ट्रकची, ट्रॅक्टरची, बोलेरोची टायरं दुकानाबाहेर थप्प्या लावून ठेवलेली. मात्र 195/80 म्हटलं की दुकानदार विचारतो, हे कुठल्या गाडीचं? मागवून देतो म्हणणारे भेटले. नवं टायर मिळतंही. अडतं ते डिस्कपाशी. कंपनीची नवी डिस्क सुटी घ्यायला गेलं तर किंमत ऐकून आपण दुसरी वाट शोधायला लागतो.

जुन्या पुणे नाक्याजवळ एक म्हातारे मेस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आतून एका जुन्या जीपची डिस्क ओढत आणली आणि म्हणाले, "बसतंय की साहेब! नट बसलं की चाक बसलं." माणूस अनुभवी, हात सोन्याचा, पण या बाबतीत मला त्यांचं पटलं नाही. नटांची पाच भोकं खरंच जुळली. या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास 139.7 मि.मी., म्हणजे साडेपाच इंच. विलीज जीपचंही हेच माप आणि आपल्या मारुतीच्या जिप्सीचंही हेच. जागेवर मोजायची सोपी रीत सांगतो. एका भोकाच्या डाव्या काठापासून शेजारच्या भोकाच्या डाव्या काठापर्यंत सरळ रेषेत माप घ्यायचं. पाच नटांच्या डिस्कला ते 82 मि.मी. भरलं की पीसीडी, म्हणजे त्या वर्तुळाचा व्यास, 139.7 आहे असं समज.

पण जिम्नीचं मधलं भोक 108 मि.मी.चं. जीपच्या डिस्कचं त्याहून बरंच लहान, त्यामुळे ती हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, चढेनाच. मेस्त्री म्हणाले, लेथवर भोक वाढवून आणतो. मी हात जोडले. नटांच्या आतल्या बाजूचं लोखंड खरवडून कमी करायचं आणि तेच चाक घेऊन डोंगरात जायचं, हे मला मुळीच मान्य नाही.

मग जिप्सीचा विषय निघाला. जिप्सीची नटांची भोकंही जुळतात आणि मधलं भोकही. लष्कराने लिलावात काढलेल्या जिप्स्या देशभर पसरल्या आहेत, त्यामुळे तिच्या डिस्का अजून हिंडताफिरताना नजरेला पडतात. मला एक मिळाली होती. पण काठावर मार लागलेला आणि आतून गंज. ट्यूबलेस टायर ज्या कडेवर बसून हवा धरतं तीच कड खडबडीत. वर टायर होतं 205/70 आर 15, आणि खरी मेख तिथे आहे.

आकडे मांडून बघ. पहिला आकडा टायरची रुंदी मि.मी.त, दुसरा म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के, आणि 15 म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. 195/80 आर 15 चा बाहेरचा व्यास 693 मि.मी. येतो आणि 205/70 चा 668. वरवर पाहता पंचवीस मिलिमीटरचाच फरक. पण आपलं टायर एका किलोमीटरला साधारण 459 फेरे घेतं आणि ते धाकटं 476 च्या पुढे. म्हणजे दर किलोमीटरला सतराएक फेरे जास्त. टू-एचमध्ये, म्हणजे दोनच चाकांना जोर असताना, हे निभावतं. आपल्या गाडीत तेव्हा जोर फक्त मागच्या चाकांना असतो, पुढची मोकळी फिरतात. म्हणून वेळ पडलीच तर वेगळ्या मापाचं चाक पुढे लावायचं, मागच्या एक्सलला कधीच नाही, आणि हळू चालवत मुक्काम गाठायचा. फोर-एच किंवा फोर-एल (दोन्हींत चारही चाकांना जोर, फोर-एलमध्ये हळू पण जास्त ताकदीने) टाकलं की मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. दोघांनी सारखंच फिरायचं. जिम्नीत मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही शाफ्टना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे फेऱ्यांतला फरक जिरवायला जागाच नाही. खडीवर, चिखलात चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो. डांबरावर किंवा कोरड्या खडकावर तो सुटत नाही, ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे दोन्ही शाफ्टना जोर वाटणाऱ्या पेटीत, साठत जातो. लिव्हर परत टू-एचला येत नाही, ती अडकल्यासारखी होते, ती यामुळेच. आणि आपल्याला फोर-एल लागणार कुठे? नेमकं तिथेच, जिथे स्टेपनी बदलायची वेळ येते.

म्हणून फोर बाय फोरची स्टेपनी "बसणारी" असून भागत नाही, ती जुळणारी हवी. साध्या गाडीला गावापर्यंत पोचवणारं कुठलंही चाक चालून जातं, तिचा हिशेब वेगळा.

दोन स्टेपन्या कशाला, असं काकू विचारतील, त्यांना एवढंच सांग. इकडे नान्नजच्या माळावर किंवा मंगळवेढ्याच्या शेतवाटांवर वेड्या बाभळीचा काटा घुसतो. भोकात पंक्चरची रबरी रस्सी भरली, हवा मारली, झालं काम. त्याला एक स्टेपनीही जास्तच म्हणायची. पण स्पितीतलं लोसर गाव सोडून कुंझुमची खिंड चढलो आणि पलीकडे उतरलो की ग्रांफूपर्यंत ओढ्यातले धारदार दगड. तिथे टायर फाटतं ते बाजूने, आणि बाजूच्या कटाला रस्सी चालत नाही. असा एक कट बसला की आपण विनास्टेपनी. दुसरा बसला तर वाटेतल्या बातलच्या ढाब्यावर रात्र काढत कोण येतंय याची वाट बघायची.

आता मिळाली कशी ते ऐक. जिम्नीच्या अल्फा मॉडेलला अलॉय (मिश्रधातूची चाकं) येतात, झेटा मॉडेलला लोखंडी डिस्क. आणि झेटा घेणारे बरेचजण पुढे अलॉय बसवून घेतात! हे लक्षात आल्यावर मी भंगारवाल्यांकडे जाणं सोडलं आणि अलॉय विकणाऱ्या दुकानांत सांगून ठेवलं. मंगळवेढ्याच्या एका बागायतदाराने झेटाला अलॉय घातले आणि जुनी चाकं टायरांसकट दुकानातच सोडली. दुकानदाराचा फोन आला तसा गेलो.

घेण्याआधी मात्र घाई केली नाही. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ते पाहिले. मापापुढे 96एस आहे ना ते पाहिलं. 96 म्हणजे एका टायरवर 710 किलोपर्यंत भार आणि एस म्हणजे ताशी 180 कि.मी.पर्यंत. भाराचा आकडा याहून कमी असलेलं टायर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये, आपण गाडी सामानाने भरून नेणार आहोत. मग नक्षीची खोली मोजली. माझी चार टायरं जेवढी झिजली आहेत जवळपास तेवढंच हेही झिजलेलं, आणि मला तेच हवं होतं. झीज चार मिलिमीटर झाली की टायरचा घेर पंचवीस मिलिमीटरने घटतो. निम्म्या झिजलेल्या चारांत एक कोरं करकरीत टायर घातलं तरी ते वेगळ्या मापाचंच झालं. म्हणून दुसऱ्या स्टेपनीला बरोबरीने झिजलेलं टायर नव्यापेक्षा चांगलं, असं माझं ठाम मत झालं आहे.

शेवटची परीक्षा पुढच्या चाकावर. पोऱ्याने जॅक लावला, अलॉय उतरवला आणि डिस्क हबवर सरकवली. ती हबवर अशी बसली की हात सोडला तरी हलेना. नट हाताने फिरत शेवटपर्यंत गेले, पाना नंतर लावला. मी खाली वाकून चाक हळूहळू फिरवलं. ब्रेकचं कॅलिपर आणि डिस्कची आतली बाजू यांच्यात बोट जाईल एवढी फट पूर्ण फेरीभर राहिली, कुठे घासल्याचा आवाज नाही. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं वळवून पुन्हा फिरवलं. ही परीक्षा मागच्या चाकावर घेऊन उपयोग नाही, मागे ड्रम आहेत. लोखंडी डिस्कचा मला आणखी एक आधार वाटतो. दगडावर आपटून काठ वाकला तर हातोड्याने ठोकून हवा धरण्याइतका सरळ करता येतो. अलॉय तडकला की संपला.

ठेवायची कुठे, हेही ठरलं. मागच्या दारावर एक आहेच, त्यावर दुसरी टांगायची नाही. दार बाजूने उघडणारं, बिजागऱ्यांवर आधीच ओझं. टपावरही नको, वीसेक किलो उंचावर नेऊन वळणावळणाच्या रस्त्यात गाडी कशाला डोलवायची? मागची सीट पाडून तिच्यावर आडवी ठेवणार आणि ट्रकवाले माल आवळतात त्या पट्ट्याने हुकांना बांधणार. नुसती ठेवली तर जोरात ब्रेक लागला की ती थेट आपल्या पाठीत येईल.

आता तुझं 215/75. तुझा मुद्दा मी समजून घेतला आहे आणि त्यात दम आहे. ते बोलेरोचं माप, कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळेल. आपल्या साडेपाच इंची डिस्कवर चढतंही. पण त्याचा व्यास 703 मि.मी.च्या वर जातो. तुझी चाकं आणि माझी चाकं यांत दहा मिलिमीटरचा फरक पडला की तुझी स्टेपनी माझ्या कामाची नाही आणि माझ्या दोन्ही तुझ्या कामाच्या नाहीत. दत्या, आपण दोन जिम्न्या घेऊन चाललो आहोत. दोघांचं माप एकच राहिलं तर तुझी एक आणि माझ्या दोन अशा तीन स्टेपन्या दोन गाड्यांत, कुणाचंही चाक कुणालाही. एवढा मोठा आधार टायर बदलून आपल्याच हाताने मोडू नकोस, असं मला मनापासून वाटतं. तुझी टायरं अजून चांगली आहेत. 215 घालायचंच असेल तर परत आल्यावर घाल, तेव्हा मीही तुझ्याबरोबर विचार करीन.

दुकानात त्याच गाडीच्या आणखी डिस्का आहेत. तुझ्यासाठी एक बाजूला ठेवायला सांगितली आहे आणि दुकानदार रविवारपर्यंत थांबायला तयार आहे. त्याआधी तुझ्या पाचही टायरांचे डीओटीचे आकडे आणि नक्षीची खोली मोजून मला कळव, म्हणजे तुझ्या झिजेला जुळणारं टायर त्यातून निवडतो. स्टेपनीवर प्लास्टिकचं कव्हर असेल तर काढून बघ, वर्षानुवर्षं कुणी तिच्यात हवा पाहत नाही. चाक मी जूनमध्ये नाशिकला येताना घेऊन येतो, काकूंसाठी शेंगांची चटणीही आणतो. त्यांना माझा नमस्कार सांग, वहिनींना आणि पोरांनाही.

फोन कर, वाट बघतो.

तुझा,
आबा