बाप्तिस्मा म्हणजे पक्षांतर नव्हे

माननीय संपादक,

आमदाराने पक्ष बदलला की 'अमक्या पक्षाचा बाप्तिस्मा घेतला' असं आजकाल सर्रास छापून येतं, टीव्हीवाले पण तेच बोलतात. गोव्यात २०१९ ला काँग्रेसचे १० आणि २०२२ ला ८ आमदार एकदम भाजपात गेले, त्यामुळे असल्या बातम्यांना आपल्याकडे तोटा नाही. पण हा शब्द तिथे वापरू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी हिंदू, पण शिवोलीत ख्रिश्चन शेजाऱ्यांच्यात वाढलोय, त्यांना हे वाचून काय वाटत असेल ते कळतं म्हणून लिहितोय.

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिश्चन धर्मात घेण्याचा पाण्याचा संस्कार, तो आयुष्यात एकदाच होतो. माणूस चर्च सोडून गेला आणि कित्येक वर्षांनी परत आला तरी पुन्हा देत नाहीत, इतकंच काय पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाणी ओतून प्रोटेस्टंट चर्चमध्ये झालेला असेल तर कॅथलिक चर्चसुद्धा तोच धरतं. मग दर निवडणुकीला नवं घर शोधणाऱ्याला हा शब्द लागणारच कसा?

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाप्तिस्मा म्हटलं की आपल्या लोकांच्या डोक्यात थेट धर्मांतर येतं. त्याला कारण आहे, इन्क्विझिशन म्हणजे पोर्तुगीज काळातलं चर्चचं धर्मन्यायालय (१५६० ते १८१२) गोवेकर विसरलेला नाही आणि विसरूही नये. मोठ्या माणसाने विचार करून घेतला तर ते धर्मांतर असतं हेही खरंच, पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये घेतला, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत. पण आज गोव्यातल्या चर्चमध्ये जे होतात ते बहुतेक तान्ह्या बाळांचे, ज्यांचे पणजोबासुद्धा ख्रिश्चनच होते, तिथे कोणाचाच धर्म बदलत नाही. डोक्यावर तीनदा पाणी ओततात, पवित्र तेल लावतात, पांढरा कपडा घालतात, पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून छोटी पेटवून धर्मपित्याच्या (गॉडफादरच्या) किंवा बाळाच्या बाबांच्या हातात देतात आणि नाव चर्चच्या रजिस्टरात चढतं. पुढे लग्न ठरलं की त्याचाच दाखला मागतात. घरात बारशासारखाच आनंद असतो, शेजाऱ्यांना जेवायला बोलावतात, आम्ही पण जातो.

आणि येशूने स्वतः यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, तो काही धर्म बदलायला गेला नव्हता. हा योहान म्हणजे ज्याचा सांजांव हा सण आपण २४ जूनला डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारून करतो तोच सांव जुआंव!

पुढाऱ्यांसाठी पक्षांतर हा चांगला मराठी शब्द आहे, तोच छापा. बाळाच्या बातमीत बाप्तिस्मा किंवा स्नानसंस्कार लिहा आणि धर्मांतर हा शब्द जिथे खरोखर कोणी धर्म बदललाय तिथेच ठेवा. तेवढं तुमच्या उपसंपादकांना आणि वार्ताहरांना जरूर कळवा.

आपला,
एक वाचक, शिवोली, बार्देश