आई-बाबा, या वेळी फेब्रुवारीत या

ओस्लो, फेब्रुवारीअखेर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, परवा फोनवर तू म्हणालीस ना, की मायनस बारामध्ये पोरांना घेऊन कुठं भटकताय, घरात बसा की गुमान, त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं आणि तसंही फोनवर तू मला बोलू कुठं देतेस, म्हणून सविस्तर लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय. बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मधेमधे पदरची भर घालायची नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकते, पुढच्या वर्षी तिकीट काढायचं ते फेब्रुवारीचं. मागच्या वेळी जूनमध्ये आलात, रात्री साडेदहालाही लख्ख उजेड, तुला झोप लागेना म्हणून आपण खिडक्यांना चादरी टांगल्या, आणि जुलै लागल्यावर बाबा म्हणायला लागले की या गावात माणसं राहतात का नाही. त्यांचं चुकलं नव्हतं, जुलैत अर्धं ओस्लो सुट्टीवर गेलेलं असतं. इथली माणसं, त्यांची पोरं, त्यांचे आजी-आजोबा हे सगळं एका जागी बघायचं असेल तर बर्फात यायला पाहिजे.

डिसेंबरात मात्र येऊ नका, ते मीच नको म्हणते. नऊ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि तीन वाजून गेले की मावळतो, तोपण ढग नसले तर दिसणार. नोव्हेंबरात बर्फ पडलेलं नसतं आणि अंधार असतो, तो महिना मला अजूनही जड जातो खरं सांगायचं तर. पण एकदा बर्फ साठलं की रस्त्यावरचा उजेड दुप्पट होतो, सगळं पांढरं असतं ना, आणि फेब्रुवारीत नऊ तासांचा दिवस मिळतो, वर निळं आभाळ.

आता स्कीइंग. तुमच्या डोळ्यासमोर ते टीव्हीवरचं येत असणार, डोंगराच्या टोकावरून सुसाट खाली येणारी माणसं आणि मग एखादा पाय प्लॅस्टरमध्ये. तेही आहे इथं, त्याचं पुढं सांगते. पण इथला माणूस स्की म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला जंगलातलं स्की म्हणायचं असतं, लांब अरुंद पट्ट्या, बूट फक्त पुढच्या टोकाला अडकवलेला, टाच मोकळी, आणि हातात दोन काठ्या. मशीननं बर्फ दाबून त्यात दोन चर पाडून ठेवलेले असतात, त्या चरांत पट्ट्या ठेवायच्या आणि चालल्यासारखं घसरत जायचं. सपाटीवर पडायला होत नाही. चढ आला की पट्ट्या मागं जुळवून पुढं फाकवायच्या आणि बदकासारखं चढायचं, उतार आला की उलटं करायचं, पुढची टोकं जवळ आणि मागं फाकवायचं म्हणजे ब्रेक लागतो. ओवी पाच वर्षांची आहे आणि ती हे माझ्यापेक्षा छान करते, तुमचा जावई निखिल अजून उतारावर आधी शांतपणे खाली बसतो आणि मग घसरत येतो, त्याला विचारलं तर म्हणतो हीच माझी स्टाईल.

ओस्लोच्या भोवतीच्या जंगलात अशा वाटा अडीच हजार किलोमीटरच्या आसपास आहेत. स्कीफोरेनिंगेन नावाची संस्था त्या तयार करते, १८८३ सालची, म्हणजे आपल्याकडं काँग्रेस स्थापन व्हायच्याही आधीची. मेंबरशिप आहे पण मेंबर नसलात तरी कुणी अडवत नाही, गेट नाही की पावती नाही. कुठल्या वाटेवर मशीन किती तासांपूर्वी फिरलं ते मोबाईलवर दिसतं, आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी उद्या काय खायचं याच्या आधी त्या नकाशावर चर्चा होते. काही वाटांवर दिवे पण आहेत, ऑफिस सुटल्यावर लोक अंधारात तासभर स्की करून मग घरी जेवायला.

खर्चाचं बाबा विचारणारच. पोरांचे पाय दर वर्षी वाढतात त्यामुळं नवं कशाला घ्यायचं, सगळं सेकंडहँड, आणि बुआ म्हणून केंद्रं आहेत, तिथं स्की, बूट, स्लेज आठवडाभर फुकट मिळतं, लायब्ररीतून पुस्तक आणतो तसं आणायचं आणि परत द्यायचं. आम्ही पहिल्यांदा तिथूनच सुरुवात केली. तुमच्यासाठीपण तिथूनच आणू.

आणि गाडी नको, मेट्रोनं जातो. रविवारी सकाळी मेट्रोच्या डब्यात माणसांपेक्षा काठ्या जास्त असतात, आपल्याकडं वारीच्या दिवसात एसटीत पताका असतात तशा. यात लहान-मोठं कुणी नाही हां. १९७३ च्या डिसेंबरात तेलाची टंचाई झाली होती, शनिवार-रविवारी गाड्या चालवायला बंदी, तर इथला राजा ओलाव पाचवा स्की खांद्यावर घेऊन होल्मेनकोलेनच्या डोंगराकडं जाणाऱ्या लाईनच्या गाडीत बसला. कंडक्टरपुढं पैसे धरलेला त्याचा फोटो इथं शाळेतल्या पोरालाही माहितीये.

आमचा नेहमीचा रविवार म्हणजे सोग्नस्वान, हो बाबा, तेच तळं ज्याच्याभोवती तुम्ही फेऱ्या मारायचात, ते आता पूर्ण गोठलंय आणि लोक त्याच्यावरून चालतात. तिथून जंगलातून पाच-सहा किलोमीटरवर उल्लेवोलसेटर नावाचं जुनं शेतघर आहे, तिथं आता कॅन्टीन चालतं, दालचिनीचे मोठ्ठे बन आणि ब्लॅककरंटचं गरम सरबत. जाताना बराचसा चढच. आमचा थोरला निहार पुढं पळतो, ओवी दर वळणावर पाय दुखतात म्हणते आणि तिला क्विक लुन्शचं एक बोट दिलं की पाय बरे होतात. हे इथलं चॉकलेट, १९३७ पासून मिळतं, आणि त्याच्या वेष्टनावर डोंगरात कसं वागायचं त्याचे नियम छापलेले असतात. त्यातला एक मला फार पटला, वेळेत मागं फिरा, मागं फिरण्यात लाज नाही. बाबांनी हा नियम त्या वर्षी वासोट्याला पाळला असता तर आपण सगळे रात्रीपर्यंत चाचपडत बसलो नसतो.

वाटेत थांबून शेकोटी करतो. जंगलात १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जाळ करायला मनाई असते, वणव्याची भीती, हिवाळ्यात चालतं. बाकीचे सॉसेज भाजतात, आम्ही फॉईलमध्ये थालीपीठं नेतो आणि निखाऱ्यावर परत गरम करतो, भाजणीचा वास सुटला की शेजारच्या शेकोटीवरची पोरं हळूच सरकत येतात. एका आजींनी रेसिपी विचारली, त्यांना धने भाजण्यापासून सांगत बसले आणि निखिल मागून खुणा करतोय आवर आता. आजी सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. थालीपीठ खाल्लं, आभार मानले आणि अशा सुटल्या की आम्हाला परत दिसल्याच नाहीत. म्हणून म्हणते आई, गुडघ्याचं मला सांगू नकोस.

थंडीचं पण सांगते. तुझे सगळे स्वेटर एकावर एक घातलेस तरी उपयोग नाही. अंगाला लागून मऊ लोकरीचा पातळ थर, त्यावर दुसरी लोकर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं. कॉटन अजिबात नाही, घाम आला की ते ओलं राहतं आणि मग खरी थंडी वाजते. इथल्या बालवाडीत पोरं रोज बाहेर खेळतात, बाळं तर बाबागाडीत बाहेरच झोपवतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही वाटलं होतं की ही माणसं आहेत का कोण. पण ओवीला सर्दी झाली ती पुण्यात लग्नाला आलो तेव्हा, एसी हॉलमध्ये!

बाबा, आता तुमच्यासाठी खास. इथं १९५७ चा कायदा आहे, रानातून, डोंगरातून कुणीही चालत जाऊ शकतो, मालकाची परवानगी लागत नाही. शेतातून मात्र एरवी जायचं नाही, पण १४ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात जमीन गोठलेली किंवा बर्फानं झाकलेली असेल तर दुसऱ्याच्या शेतातूनही खुशाल स्की करत जा, फक्त घराच्या अंगणात घुसायचं नाही. मी हे वाचलं तेव्हा तुमचा आणि खालच्या आळीच्या काकांचा बांध डोळ्यासमोर आला. सहा महिने बांधच दिसत नाही म्हटल्यावर भांडणार कशावरून.

मागच्या आठवड्यात शाळांना हिवाळी सुट्टी होती, तेव्हा आम्ही आणि अजून एक मराठी फॅमिली मिळून यायलोला गेलो, बर्गनच्या रेल्वेलाईनवर आहे, ट्रेननं साडेतीन तास, डब्यात पोरांना खेळायला वेगळी जागा. केबिन मिळून घेतली म्हणून परवडली, कारण डोंगरावरून खाली येण्याच्या स्कीला लिफ्टचा पास लागतो आणि तो भरपूर महाग. सात वर्षांखालच्यांना मात्र हेल्मेट घातलं की फुकट. ओवी सरकत्या पट्ट्यावर उभी राहून वर जाते, गुडघे वाकवून खाली येते आणि परत पट्ट्यावर, असं दिवसभर, तिला जेवायला बोलवायचं म्हणजे एक काम. मी एकदा वरपर्यंत गेले, खाली बघितलं आणि तो वेष्टनावरचा नियम पाळला.

आणि त्याच आठवड्यात १९ फेब्रुवारी आली. निहार म्हणाला शिवजयंती आहे तर किल्ला करायचा. दिवाळीत इथं काही जमत नाही ग, चिखल आणि अंधार, त्यामुळं पोरांनी किल्ला म्हणून बघितला तो फक्त तुमच्या अंगणातला, मागच्या दिवाळीला. मग काय, चार पोरं आणि दोन बाबा फावडी घेऊन केबिनच्या मागं. पहिल्या दिवशी बुरूज उभाच राहीना, थंडी जास्त असली की बर्फ कोरडं पिठूळ असतं, मुठीत दाबलं तरी गोळा होत नाही, त्याला शून्याच्या जवळपासची हवा लागते, थोडा ओलावा सुटायला लागतो. निखिलनं डोकं लढवलं, बर्फाचा ढीग करायचा, वरून पाणी मारायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी नुसता दगड! मग चमच्यांनी कोरून पायऱ्या, महादरवाजा, तळी, एका बाजूला टकमक टोक, म्हणजे रायगडच असणार. शेजारच्या केबिनमधले आजोबा दोन दिवस खिडकीतून बघत होते, शेवटी आलेच विचारायला.

निहारनं त्यांना हिरकणीची गोष्ट सांगितली, दूध घालायला गडावर गेलेली, दरवाजे बंद झाले म्हणून घरच्या तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेली. आजोबा ऐकत राहिले आणि म्हणाले आमच्याकडं पण एक आहे. १२०६ साली इथं यादवी चालली होती, राजाचं बाळ दीडेक वर्षाचं, हाकोन नावाचं, शत्रू मारणार म्हणून दोन सैनिकांनी त्याला कुशीत घेऊन स्कीवरून भर हिवाळ्यात डोंगर पार केला. ते पोर पुढं राजा झालं. त्याच्या आठवणीत इथं दर वर्षी शर्यत असते, रेना ते लिलेहामर, ५४ किलोमीटर, आणि प्रत्येकाला पाठीवर साडेतीन किलोची सॅक न्यावीच लागते, बाळाचं वजन म्हणून. आजोबा स्वतः ती शर्यत तरुणपणी पळालेत. निहारनं लगेच ठरवलं की तो पण जाणार आणि सॅकमध्ये ओवीला घालणार, ओवीनं भोकाड पसरलं, असो.

त्यांच्याकडंच मी ती गाडी बघितली जिच्यामुळं हे सगळं पत्र लिहायला घेतलं. स्पार्क म्हणतात. एक खुर्ची, तिच्याखाली लोखंडाच्या दोन लांब पात्या, मागं दांडा धरून उभं राहायचं आणि एका पायानं ढकलत जायचं. म्हातारी माणसं पण त्याच्यावर बाजाराला जातात, पिशवी खुर्चीवर ठेवून. आई तू खुर्चीत शाल गुंडाळून बसायचंस आणि बाबांनी ढकलायचं. इतक्या वर्षांत तू त्यांच्यामागं चालत आलीस, बघू तर खरं त्यांना जमतंय का.

तर व्हिसाचं आत्तापासून बघा, दादाला म्हणावं अपॉइंटमेंट आणि इन्शुरन्स दोन्ही तूच कर, बाबांवर सोडू नकोस. स्वेटर आणू नका, लोकरीचे कपडे मी इथं घेऊन ठेवते, फक्त दोघांच्या बुटांची मापं पाठवा, जाड मोजे घालून मोजलेली. भाजणी दोन किलो, मेतकूट, आणि बॅगेत जागा उरली तर कुंभारवाड्यातून मातीचे मावळे आणा, डझनभर तरी, एक महाराज बसलेले आणि एक तोफ. यंदा आम्ही लेगोचे मावळे उभे केले होते, निहारला ते अजिबात पटलेलं नाही.

तुमची,
शिल्पा