इम्पल्स मोटरसायकल चालू होत नाही, त्याबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, इम्पल्सला किका मारणं आता थांबवा. दोन पावसाळे उभी राहिलेली कार्ब्युरेटरची गाडी नुसत्या किका मारून चालू होत नाही, गुडघा मात्र कामातून जातो. आणि मेकॅनिक आल्या आल्या ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आधी स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा) बघायचा. पुढचं सगळं त्यावरून ठरतं.

त्याआधी फक्त बॅटरी. सेल्फ दाबल्यावर नुसतं टक्-टक् वाजत असेल, तर मीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. चार्ज करताना कडेला छापलेल्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढाच करंट द्यायचा. गाडीची बॅटरी छोटी असते, कारच्या चार्जरवर लावली तर खराब होईल.

मग चोक ओढून पाच-सहा किका (शेजारच्या कुणा पोराला सांगा, आणि त्याला चपलेवर मारू देऊ नका) आणि लगेच प्लग बाहेर. भोवतीची माती आधी ब्रशने झाडा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. 16 चा प्लग पाना लागेल.

प्लग ओला असेल, तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडत नाही. कोरडा असेल, तर पेट्रोलच पोचत नाही. ओला निघाला तर सरळ नवा घाला, गॅप (टोकांमधली फट) 0.8 ते 0.9 मिमी. हे इंजिन हिरोच्या 150 सीसी गाड्यांच्या जातीचं, त्यामुळे प्लग कुठेही मिळतो. ठिणगी बघायची झाली, तर प्लग त्याच्या वायरीच्या टोपीत घालून त्याचा आट्यांचा धातूचा भाग इंजिनच्या हेडला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. नव्या प्लगनेही ठिणगी नसेल, तर टोपी आणि वायरिंग तपासा. उंदरांनी कुरतडलेली वायर आपल्याकडे नवी नाही.

माझा अंदाज मात्र कोरड्याचा आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल टाकीच्या तळातूनच जातं. आई, तुझी एक रिकामी काचेची बरणी दे. ती परत लोणच्याला वापरता येणार नाही. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करा, बरणीत घ्या आणि पाच मिनिटं उजेडात ठेवा. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसले, तर टाकीसुद्धा पूर्ण रिकामी करायची. हे अंगणात करा. देवघरातला दिवा, गॅस आणि विडीवाला मेकॅनिक, तिघांपासून लांब.

वाटीत पिवळा चिकट थर असेल, तर पायलट जेट (मंद गतीला पेट्रोल सोडणारा पितळी तुकडा) बुजलाय. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतं. मेकॅनिकला तीन गोष्टी ठणकावून सांगा. जेटमध्ये सुई किंवा टाचणी घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर आणि वायरीतली एक तांब्याची तार पुरे. मिक्श्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलकेच आत टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहायचं आणि परत तेवढाच उघडायचा. कार्ब्युरेटरच्या वरचा रबरी पडदा आधी काढून ठेवायचा, क्लीनर लागला तर तो फुगतो. पडदा उजेडात धरून भोक आहे का बघायला सांगा. भोक असेल तर गाडी चालू होईल पण वेग घेणार नाही. बंद झालेल्या मॉडेलचा पडदा मिळायला वेळ लागतो, म्हणून एवढी काळजी.

प्लग बाहेर आहे तोवर भोकात एक चमचा, 5 मिली इंजिन ऑइल घाला, इंजिन दोन-चारदा फिरवा आणि प्लग बसवा. इंजिनातलं जुनं ऑइल दुधासारखं दिसत असेल, तर चालू करण्याआधी बदला. पहिल्यांदा न्यूट्रलमध्येच चालू करा. क्लच प्लेटा चिकटलेल्या असतील, तर गिअरमध्ये गाडी उडी घेईल. पाच-दहा मिनिटांनी आपोआप बंद पडली, तर टाकीचं झाकण उघडून बघा. आत हवा शिरल्याचा आवाज आला, तर झाकणाचं भोक बुजलंय.

रस्त्यावर काढण्याआधी विमा आणि पीयूसी बघा. आरसीची 15 वर्षंही भरत आलीत, तारीख बघून मला कळवा.

तुमची,
धाकटी